शिकते ती अळी, पीक नव्हे



हे टिपण आम्ही बोदलकसाहून लिहीत आहोत. तिरोडा तालुका, गोंदिया जिल्हा, धानाचा मुलूख. १९१७ साली बांधलेला तलाव, भोवती जंगल आणि खाली धानाच्या बांध्या. हा अंक ज्या जिल्हा बैठकांत वाटला जातो तिथे बसणारे बहुतेक जण पऱ्हाटी आणि ज्वारीवाले, कोरडवाहू. धानाच्या गावातून कापूसवाल्यांना सांगण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. आहे. जी लढाई कापूसवाले गुलाबी बोंडअळीशी लढत आहेत, तीच लढाई धानवाल्यांनी गादमाशीशी त्याआधी लढून पाहिली आहे. पीक वेगळे, किडा वेगळा, हिशेब मात्र एकच. तो हिशेब शाळेतल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात पहिल्या काही धड्यांत असतो. परीक्षा झाली की आपण तो विसरतो आणि पुढे वावरात त्याची किंमत मोजतो.

बाटलीवरची प्रतिकारशक्ती

कोणत्याही कृषी केंद्रात जा. फळीवर टॉनिकच्या बाटल्यांची रांग दिसेल. त्यातल्या निम्म्यांवर लिहिलेले असते, 'पिकाची प्रतिकारशक्ती वाढवते'. २०२० साली कोरोना आला, घरोघरी काढे उकळले, आणि इम्युनिटी हा शब्द शेंबड्या पोराच्याही तोंडी बसला. बाजाराने तो उचलला आणि बाटलीवर चिकटवला. तेव्हापासून माणसाची, गाईची आणि पऱ्हाटीची प्रतिकारशक्ती एकाच मापाने विकली जाते. 'बीटी म्हणजे कपाशीला दिलेली लस' असे वाक्य तर आम्ही बैठकांतून शिकल्यासवरल्या लोकांकडूनही ऐकले आहे.

शब्द चुकला की उपाय चुकतो, आणि उपाय चुकला की खर्च अंगावर पडतो. म्हणून आधी शब्दाचा अर्थ नीट लावून घेऊ.

गाईची लस

पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची लस आपण जनावराला टोचून घेतो. ती लस करते काय? ती जंतूला मारत नाही. मारलेला किंवा दुबळा केलेला जंतू ती जनावराच्या शरीराला दाखवते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याची ओळख करून घेतात, त्याच्या मापाची हत्यारे घडवतात आणि ती ओळख जपून ठेवतात. पुढे खरा जंतू आला की शरीर तयार असते. मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा हाफकिन यांनी तापवून मारलेल्या प्लेगच्या जंतूंची लस केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. तत्त्व तेच होते.

२०२२ साली लम्पी आला तेव्हा आपल्या गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली. शेळीची लस गाईला कशी, म्हणून अनेक जण बिचकले. दोन विषाणू जवळचे भाऊबंद आहेत. एकाचा चेहरा पाहून ठेवला की दुसराही ओळखू येतो, म्हणून ती चालली. गावातल्या बहुतेक जनावरांना लस टोचलेली असली तर न टोचलेल्या एखाद्या कालवडीलाही आडोसा मिळतो, कारण रोगाला एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जायला वाट उरत नाही.

यातली मुख्य गोष्ट ही की इथे शिकते ते जनावर. आठवण त्याच्या रक्तात राहते.

झाडाला रक्त नाही

झाडाला रक्त नाही. अंगभर फिरून शत्रू शोधणाऱ्या पेशी नाहीत. त्याची प्रत्येक पेशी आपल्या जागेवर, आपल्या भिंतीआड एकटी लढते. म्हणून झाड दुबळे आहे असे मात्र नाही. त्याची शस्त्रे तुमच्या रोजच्या पाहण्यातली आहेत.

कोवळी ज्वारी गाईला का चारत नाही? कोवळ्या पानात साखरेला बांधलेले एक द्रव्य असते आणि ते सोडवणारा पाचक रस पेशीत वेगळ्या कप्प्यात असतो. गाईने पान चावले की दोन्ही एकत्र येतात आणि जहाल प्रुसिक आम्ल तयार होते. पाण्याचा ताण पडलेल्या ज्वारीत आणि कापणीनंतर फुटलेल्या धुमाऱ्यांत ते जास्त असते, फुलोऱ्यानंतर उतरत जाते. हे ज्वारीचे स्वतःचे हत्यार आहे. गाय हकनाक त्यात सापडते.

पऱ्हाटीचे पान किंवा बोंड उन्हाकडे धरून पाहा. बारीक काळे ठिपके दिसतील. त्या ग्रंथींत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. सरकीतही ते असते, म्हणून सरकी कोंबड्यांना बाधते आणि रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराला बेताने दिली तर पचते. अमेरिकेत ग्रंथी नसलेली कपाशी तयार केली गेली, तेव्हा एरवी कपाशीकडे न फिरकणारे किडेही तिच्यावर तुटून पडले. पानावरची लव हेही हत्यारच. लव दाट असली की तुडतुड्याला पानावर बसून रस शोषणे अवघड जाते.

याशिवाय झाडाकडे धोक्याची घंटा असते. बुरशी किंवा जंतू पेशीत शिरला आणि झाडाने त्याला ओळखले, तर ती पेशी आणि तिच्या शेजारच्या पेशी स्वतःच मरतात. आग पसरू नये म्हणून मधले घर पाडावे तसे. पानावरचा बारीक करडा डाग पाहून आपण रोग पडला म्हणतो. पुष्कळदा तो रोग अडवल्याची खूण असतो.

आणि हेच झाड मित्रालाही ओळखते. तुरीचे रोप उपटून मुळावरची गाठ फोडा. आत गुलाबी दिसली तर गाठ जिवंत आहे, तिच्यातले जिवाणू हवेतला नत्र तुरीला देत आहेत. हे जिवाणूही बाहेरूनच आलेले असतात. मुळाने त्यांची ओळख पटवून त्यांना आत घेतलेले असते. हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ साली हे दाखवून दिले. आपले शेतकरी कपाशीत तुरीच्या ओळी पेरतात त्याचा निम्मा अर्थ या गाठीत आहे.

झाडाला आठवण अजिबात नसते असे आम्ही म्हणणार नाही. एका पानावर घाव पडला की बाकीची पाने काही काळ सावध होतात. पण ती सावधगिरी मोघम असते, आणि पऱ्हाटीपुरते बोलायचे तर ती उपटली जाते त्या दिवशी संपते. पुढच्या जूनमध्ये पाकिटातून निघणाऱ्या बियाण्याला मागच्या हंगामातले काही ठाऊक नसते. पिकाला लस टोचता येत नाही. ज्याच्यापाशी जन्मतः जे कुलूप आहे, तेवढ्यावरच त्याला राहावे लागते.

गादीचा धडा

आता धानाकडे येऊ. गादमाशी ही डासाएवढी बारीक माशी. तिची अळी धानाच्या वाढत्या कोंबात शिरते. मग फुटव्याचे पान कांद्याच्या पातीसारखे पोकळ, चंदेरी नळी होऊन वर येते. त्या फुटव्याला लोंबी धरत नाही. पूर्व विदर्भातल्या बांध्यांना ही जुनीच पीडा आहे.

शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा काही जातींत गादीची अळी जगत नाही असे आढळले. त्यातल्या पुष्कळ जातींत अळी शिरली की भोवतीच्या पेशी करपून मरतात आणि अळी उपाशी मरते. तो गुण नव्या वाणांत आणला. वाण आले, पसरले, काही वर्षे बांध्या स्वच्छ राहिल्या. पुढे त्याच वाणावर पुन्हा चंदेरी पोंगे दिसू लागले. नव्या जनुकाचे नवे वाण आले, त्याचीही काही ठिकाणी तीच गत झाली. भारतात गादमाशीचे सात वेगवेगळे प्रकार संशोधकांनी नोंदले आहेत. दिसायला सगळे सारखे, पण एका प्रकाराला जे वाण मारते त्यावर दुसरा खुशाल पोसतो. त्यातला चौथा प्रकार आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावरचा आणि आपल्या विदर्भातला.

माशी काय शाळेत गेली? तुम्ही ज्वारीचे बियाणे घरचे राखत होता तेव्हा काय करत होता ते आठवा. शिवारात फिरून भरदार कणसे निवडायची, ती वेगळी ठेवायची, पुढच्या साली तीच पेरायची. दहा वर्षांत वाणाचा चेहरा बदलतो. कणीस काही शिकत नाही, निवड शिकवते. एकच वाण हजारो एकरांवर लावला की आपण नेमके तेच करतो, फक्त माशीच्या बाबतीत. लाखात एखादी माशी जन्मतःच जराशी वेगळी असते. त्या वाणावर बाकीच्या मरतात, ती जगते. पुढच्या पिढीत तिचीच पोरे. वाण जितका जास्त पसरलेला, तितकी ही निवड कडक. म्हणजे आपण माशीचे बियाणे राखत असतो, आणि तेही उत्तम निवडून.

गाईच्या गोठ्यात गाय शिकते. वावरात शिकतो तो किडा. लस आणि कीड-प्रतिकारक वाण यांतला फरक एवढाच आहे, आणि तो जिवावरचा आहे.

या मुलखातल्या तलावांच्या काठी देवधान उगवते. ते कोणी पेरत नाही, दाणे पिकले की आपोआप गळतात. अशा जंगली धानाची किंमत काय, ते ऐका. फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने एका विषाणूरोगावर उतारा शोधताना धानाचे सहा हजारांवर नमुने तपासले. उतारा मिळाला तो भारतातून, उत्तर प्रदेशातून गेलेल्या जंगली धानाच्या एकाच नमुन्यात. त्याचा गुण घेऊन १९७६ साली आलेला आयआर-३६ हा वाण पुढे आशियाभर लाखो हेक्टरांवर पसरला. नव्या कुलपांचा साठा अशा नको असलेल्या गवतांत आणि जुन्या वाणांत असतो. कपाशीतही तेच आहे. उत्तरेत पानगुंडी विषाणूने अमेरिकन कपाशी लोळवली तेव्हा देशी कपाशी त्याच शिवारात उभी होती.

बोंडअळीने काय केले

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीतला एक जिवाणू. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना तो मेलेल्या रेशीमकिड्यांत सापडला. १९११ साली जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात बर्लिनर यांना पिठातल्या अळीत सापडला, त्यावरून नाव पडले. हा जिवाणू एका प्रथिनाचे खडे तयार करतो. अळीच्या क्षारयुक्त आतड्यात खडा विरघळतो, आतड्याच्या भिंतीवरच्या ठरावीक जागी किल्लीसारखा बसतो आणि भिंतीला भोके पाडतो. माणसाच्या किंवा गाईच्या आतड्यात ती बसण्याची जागाच नाही. या प्रथिनाचे जनुक कपाशीत घातले की बीटी कपाशी झाली. म्हणजे ते विष आहे, अळीपुरते विष. लस म्हणण्यासारखे त्यात काही नाही, कारण पऱ्हाटीला त्याने काही शिकवले जात नाही.

२६ मार्च २००२ रोजी बीटी कपाशीला भारतात परवानगी मिळाली. २००६ साली दोन जनुकांचे बियाणे आले. हिरव्या बोंडअळीने नव्वदच्या दशकात कापूसवाल्याला किती छळले हे ज्यांना आठवते, ते बीटीची निंदा करणार नाहीत. आम्हीही करत नाही. तंत्रज्ञान नको म्हणणाऱ्यांच्या रांगेत आम्ही उभे नाही.

पण पुढे काय झाले ते पाहा. पहिल्या जनुकाला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही, हे गुजरातच्या काही जिल्ह्यांबाबत २०१० साली खुद्द कंपनीनेच जाहीर केले. पाच वर्षांत दोन जनुकांचे बियाणेही तिथे पोखरले गेले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात बोंडे फोडली की आत गुलाबी अळी, अशी गत झाली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले.

हिरवी अळी बीटीला पुष्कळ वर्षे का दबून राहिली आणि गुलाबी का उसळली? उत्तर तुमच्या वावरात आहे. हिरवी अळी तूर खाते, हरभरा खाते, ज्वारीचे कणीस खाते. त्या पिकांत बीटी नाही. तिथे साध्या अळ्या वाढतात, त्यांचे पतंग कपाशीवरून वाचलेल्या एखाद्या हट्टी पतंगाशी जुळतात. प्रत्येक पतंगात प्रत्येक गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. बीटी पचवायला बहुधा दोन्ही प्रती बदललेल्या लागतात. साध्याशी जुळले की पोरांत एकच बदललेली प्रत येते, आणि ती पोरे बीटीवर मरतात. तुमच्या तुरीने आणि ज्वारीने न सांगता ही राखण केली. गुलाबी अळीला आपल्याकडे मुख्य अन्न एकच, कपाशी. शिवारभर बीटी, साधा पतंग येणार कुठून? हट्टी पतंगाला हट्टीच जोडीदार मिळाला.

म्हणूनच ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे येत होते, कडेने लावायला. किती जणांनी लावले? फार थोड्यांनी. पण शेतकऱ्याला आडमुठा ठरवून हात झटकणाऱ्यांना आम्ही विचारतो, ती पुडी कशासाठी आहे हे त्याला कोणी समजावले? तीन एकरवाल्याने कडेच्या ओळी अळीला खाऊ घालायच्या, त्याचा फायदा साऱ्या शिवाराला, आणि तोटा एकट्याच्या खिशातून. कोण करील? शिवाय त्या पुडीतले बियाणे अनेकदा वेगळ्याच कालावधीचे निघे. दोन्हीकडचे पतंग एका वेळी उडालेच नाहीत तर जुळणार कसे?

आणखी एक गोष्ट आपल्या संकरित बियाण्यात आहे. दोन जनुकांच्या संकरित झाडाच्या बोंडातल्या सरक्या सारख्या नसतात. सरासरी सोळा सरक्यांतली एक बिनविषाची, सहांत एकच विष, उरलेल्या नवांत दोन्ही. गुलाबी अळी सरकीच खाते. म्हणजे कोवळ्या अळीला एकाच बोंडात सौम्य, मध्यम, कडक असे सगळे डोस चाखायला मिळतात. अमेरिकेत सरळ वाण लावतात, तिथे सगळ्या सरक्या सारख्या. त्यांनी बीटी, वांझ केलेले पतंग, कामगंध आणि पऱ्हाट्यांचा नाश हे सगळे मिळून केले आणि २०१८ साली आपली कपाशी गुलाबी अळीमुक्त जाहीर केली. चीनच्या यांगत्से खोऱ्यात संकराची पुढची पिढी पेरली गेली, त्यात चार झाडांत एक बिगर-बीटी निघत असे. आसरा आपोआप मिसळला गेला आणि अळीचा हट्ट उतरला. अळी तीच, जनुक तेच. फरक पेरण्याच्या पद्धतीत होता.

ज्वारीचे उत्तर: वेळ

कुलूप तुटले म्हणून शेती थांबत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याकडे एक जुने हत्यार आहे, वेळ.

ज्वारीची खोडमाशी घ्या. पाऊस लागताच पेरणी साधली तर पोंगेमर थोडी. पंधरा-वीस दिवस उशीर झाला की माशीच्या पिढ्या वाढलेल्या असतात आणि रोप कोवळे सापडते. गावाने एकदम पेरले तर नुकसान वाटले जाते, मागे राहिलेल्याच्या वावरात सगळी माशी उतरते. किंवा काळी पडणारी ज्वारी घ्या. जुनी गावरान ज्वारी पाऊस ओसरल्यावर दाणा भरत असे. १९६४ साली सीएसएच-१ आली आणि तिच्या मागून लवकर येणारे संकर आले. उत्पन्न वाढले, पण दाणा भरतो त्याच वेळी पाऊस, त्यामुळे दाण्यावर बुरशी. गावरान ज्वारीची ढाल तिच्या तारखेत होती. ती तारीख सोडली तेव्हा ढालही गेली.

गुलाबी अळीचे गणितही तारखेचे आहे. एका हंगामात तिच्या चार-पाच पिढ्या होतात. शेवटच्या पिढीची अळी दोन सरक्या जोडून त्यात, वाळक्या बोंडात, पऱ्हाट्यांच्या ढिगात झोपून राहते. पावसाआधीच्या सरींनी जे पतंग निघतात त्यांना पात्या-फुले मिळाली नाहीत तर ते थोड्याच दिवसांत वंश न वाढवता मरतात. मेमध्ये ओलिताखाली लावलेली कपाशी त्यांना पहिली पंगत वाढते. जानेवारी-फेब्रुवारीतली फरदड शेवटची पंगत वाढते. दोन्ही पंगती बंद, मधले पीक कमी दिवसांचे, तर पिढ्या दोनने कमी होतात. २०१७ नंतरच्या हंगामांत सरकारने जूनआधी बियाणे विकू नका असे फर्मान काढले. कारण बरोबर होते, पण फर्मान आले पोलिसी भाषेत. पतंग किती दिवस जगतो एवढी एक ओळ कोणी गावात सांगितली असती तर फर्मानाची अर्धी गरज उरली नसती.

जंतूंचे औषध किड्याला, किड्याचे जंतूला

पिकावर काही दिसले की आपण बाटली मागतो. आधी विचारायला हवे, हे कोणाचे काम? बुरशी, जिवाणू, विषाणू, किडा, की यातले कोणीच नाही? कपाशीचा लाल्या घ्या. बोंडे भरताना नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडले, ओल तुटली, रात्री गार झाल्या की पाने लाल होतात. त्यात जंतू नाही. तरी त्यावर जंतूनाशक फवारले जाते.

स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४३ साली मातीतल्या जिवाणूपासून मिळाले. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो तो ज्यांच्यामुळे येतो, त्यांच्याच कुळातला हा जिवाणू. त्या औषधाने क्षयाचे रोगी वाचले. तेच आपण कपाशीच्या जिवाणू करप्यावर फवारत आलो. केंद्र सरकारने २०२१ च्या अखेरीस शेतीतल्या त्याच्या वापरावर बंदीचे पाऊल उचलले, ते योग्यच होते. मातीच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांच्यावर वरचेवर औषध ओतले तर त्यातले हट्टी तेवढे उरतात, गादमाशीसारखेच, आणि हट्टाचे जनुक ते एकमेकांना देऊही शकतात. उद्या आपल्याच घरातल्या आजाऱ्याला ते औषध लागू पडले नाही तर तक्रार कोणाकडे करायची?

याउलट ज्वारीच्या काणीचा उपाय पाहा. काणीची भुकटी बियाण्याला चिकटून येते. एक किलो बियाण्याला चार ग्रॅम बारीक गंधक चोळले की काम झाले. शत्रू कोण, तो कुठे बसतो हे कळले की उपाय स्वस्त होतो. टॉनिकवाल्याला हे ज्ञान आपल्याकडे असणे परवडत नाही.

ओझे कोणावर

बीटीचे बियाणे विकून कंपन्यांनी पैसे कमावले. २०१६ पासून केंद्राने बियाण्याची किंमत ठरवली, २०२० साली जनुकाची रॉयल्टी शून्य केली. २००६ नंतर दीड तप कपाशीत एकही नवे जनुक शेतकऱ्याच्या हाती अधिकृतपणे आले नाही. किडा दर महिन्याला नवी पिढी काढतो, आणि आपली परवानगीची फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला त्याच्या शंभर पिढ्या जातात. या शर्यतीत कोण जिंकणार, ते सांगायला ज्योतिषी नको. नवी कुलपे मिळण्याचा रस्ता मोकळा झालाच पाहिजे. सरळ वाणांत बीटी, कमी दिवसांची, दाट लावता येणारी कपाशी, देशी कपाशीवरचे काम, हे सगळे मिळाले पाहिजे.

पण उद्या नवे जनुक आले तरी आपण ते जुन्याच पद्धतीने पेरणार असू, तर तेही दहा वर्षांत जाईल. तणनाशक सोसणाऱ्या कपाशीचेही तसेच. अमेरिकेत एकाच तणनाशकावर वर्षानुवर्षे भिस्त ठेवली, तेव्हा २००५ च्या सुमारास त्याला न जुमानणारा रानराजगिरा त्यांच्या कपाशीत माजला. तणही शिकते. स्वातंत्र्य मागणाऱ्याला हे ओझे उचलावे लागते. तंत्रज्ञान निवडण्याचा हक्क आमचा, तर ते टिकवण्याची अक्कलही आमची हवी.

ती अक्कल एकट्याने चालवता येत नाही. पतंगाला धुरा दिसत नाही, सातबारा वाचता येत नाही. एकाने फरदड ठेवली तर साऱ्या शिवाराची अळी पोसली जाते. म्हणून पुढच्या बैठकीत गावागावाने हे ठरवून यावे:

१. फरदड कोणी ठेवणार नाही. पऱ्हाट्या उपटून वेळेत विल्हेवाट लावायची, ढीग बांधावर ठेवायचे नाहीत.

२. कपाशीची लागवड गावाने पाऊस पाहून एकाच आठवड्यात साधायची, वाण कमी दिवसांचे.

३. प्रत्येक कपाशीत तूर-ज्वारीच्या ओळी. बिगर-बीटी कपाशीचा तुकडा गावाने ठरावीक वावरांत लावायचा आणि त्या शेतकऱ्याचे नुकसान सगळ्यांनी वर्गणीने भरायचे.

४. एकरी दोन कामगंध सापळे. रोज मोजून फळ्यावर लिहायचे. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन दिवस आले तर मगच फवारणीचा विचार. डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट करायच्या.

५. दुकानात बाटली घेताना एक प्रश्न: हे कोणाला मारते? उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशात ठेवायचे.

६. गावातल्या शाळेच्या जीवशास्त्राच्या मास्तरांना वर्षातून एकदा बैठकीला बोलवायचे. तुरीची गाठ, कपाशीचा ठिपका, बोंडातली अळी, प्रयोगशाळा तुमच्याच वावरात आहे.

गाईच्या रक्तात आठवण असते. पऱ्हाटीच्या अंगात ती नाही. मागच्या साली कुठला वाण, कुठली तारीख, कुठला फवारा, कोणत्या वावरात अळी आधी आली, हे कोणीतरी लक्षात ठेवायला हवे. कंपनी ठेवणार नाही, तिला दरसाल नवे पाकीट विकायचे आहे. सरकार ठेवणार नाही, त्याचा साहेब दर तीन वर्षांनी बदलतो. तेव्हा फळा आणि खडू येत्या बैठकीतच विकत घ्या, आणि पहिली नोंद या जूनची करा.